फूल आणि पाखरू: जपानी काचो-गा घराच्या भिंतीवर लावताना

जपानीत 'का' म्हणजे फूल, 'चो' म्हणजे पाखरू आणि 'गा' म्हणजे चित्र. तिन्ही जोडून झालं काचो-गा. त्याचं सरळ मराठी करायला गेलं की 'फूलपाखरू-चित्र' होतं आणि पहिल्याच पावलाला घोटाळा होतो. म्हणून लेखभर मी काचो-गाच म्हणणार आहे. एका फांदीवर एक पक्षी, मागे बरीचशी मोकळी जागा, कोपऱ्यात लाल शिक्का: अशी चित्रं तुम्ही कॅफेच्या भिंतीवर किंवा कुणाच्या मोबाइलच्या कव्हरवर नक्की पाहिली असतील. त्यातलं एखादं घरात नीट लावायचं असेल तर निवडण्यापासून खिळा ठोकण्यापर्यंत काय काय करावं, ते माझ्या चुकांसकट सांगते.

आधीच एक सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काचो-गा लावून विसरायचं चित्र नव्हे. ते बदलायचं असतं. जुन्या जपानी घरात बैठकीच्या खोलीत तोकोनोमा नावाचा एक कोनाडा असतो. त्यात एका वेळी एकच गुंडाळीचं चित्र टांगतात, ऋतू पालटला की ते उतरवून दुसरं लावतात आणि उतरवलेलं पेटीत जातं. म्हणून माझी पद्धत अशी: एक खिळा, एक चौकट आणि चार चित्रं.

आधी भिंत, मग चित्र

आपण चित्र आधी घेतो आणि मग ते घेऊन घरभर फिरतो. उलटं करा. एखाद्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता भिंतींकडे बघा. जिथे ऊन थेट पडतं ती भिंत बाद. जुन्या जपानी ठशांमधले, म्हणजे लाकडी ठोकळ्याने छापलेल्या चित्रांमधले, काही रंग वनस्पतींपासून केलेले असत आणि उजेडात ते फार लवकर उडतात. म्हणूनच संग्रहालयं मूळ ठसे मंद उजेडात आणि थोड्याच दिवसांसाठी मांडतात. आपलं चित्र आजची छापील प्रत असली तरी ऊन तिलाही सोडत नाही.

दुसरी परीक्षा ओलीची. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात ही जास्त महत्त्वाची. भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचं पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. काढताना आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत ओल धरते आहे. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत बहुधा इथेच नापास होतात. परीक्षा पावसाळ्यात घ्या. मार्चमध्ये सगळ्याच भिंती शहाण्या असतात.

तिसरं, मोकळी जागा. चित्राच्या दोन्ही बाजूंना निदान चित्राच्या रुंदीइतकी रिकामी भिंत हवी. घड्याळ, दिनदर्शिका, वायफायचा डबा आणि त्यांच्या मधोमध बगळा असं नको. या चित्रांत निम्मा कागद कोरा असतो आणि तो कोरेपणा भिंतीवरही चालू राहायला हवा. रंग पांढरट, मातकट किंवा फिका राखाडी चालतो. पोपटी भिंतीवर काचो-गा लावू नका, तिथला पक्षी मुका होतो.

जोडी ओळखायला शिका

काचो-गामध्ये कुठलाही पक्षी कुठल्याही झाडावर बसत नाही. जोड्या ठरलेल्या असतात आणि जोडी म्हणजेच ऋतू. ही परंपरा मुळात चीनमधून आली, पण जपानने तिला आपल्या कवितेचा आधार दिला. फुजिवारा तेइका या कवीने १२१४ साली बारा महिन्यांची बारा फुलं आणि बारा पक्षी यांवर कविता रचल्या. पुढे कित्येक शतकं चित्रकार त्या बारमाहीवर चित्रं काढत राहिले. आजही जपानी हानाफुदा पत्त्यांत जानेवारीला पाइन आणि क्रौंच, फेब्रुवारीला उमेचा (जपानी प्लमचा) मोहोर आणि उगुइसू पक्षी, ऑगस्टला गवतावरचा चंद्र आणि रानहंस सापडतात. खेळायच्या पत्त्यांवर!

काही जोड्या लक्षात ठेवा. उमेच्या मोहोरावर उगुइसू हा आपल्या वटवट्यासारखा साधा, मातकट पक्षी दिसला की थंडी सरत आली. विलो आणि पाकोळी म्हणजे वसंत किंवा उन्हाळ्याची सुरुवात. पाणथळीतला आयरिस आणि खंड्या म्हणजे उन्हाळा. बोरू-लव्हाळ्यात उतरणारे रानहंस किंवा उंच गवतातले लावे म्हणजे शरद. बर्फ, लाल कॅमेलिया आणि चिमण्या म्हणजे हिवाळा. बांबू आणि चिमणी मात्र बारमाही. मँडरिन बदकांची जोडी म्हणजे नवराबायको, त्यामुळे लग्नात भेट द्यायला ती उत्तम.

हे कळलं की बाजारातली खोटी चित्रंही ओळखू येतात. हल्ली 'जपानी शैली' म्हणून जे विकतात त्यात बर्फातल्या फांदीवर उन्हाळी फूल असतं आणि त्यावर कुठल्याच देशात न राहणारा पक्षी असतो. पक्ष्याचे पाय बघा. जुने चित्रकार नखं नीट काढत.

आता आपल्या घरी कुठला ऋतू धरायचा, त्यांचा की आपला? मी आपला धरते, फक्त जरा अक्कल वापरून. मे महिन्यात डोंबिवलीत बर्फातलं चित्र लावणं वेडेपणाचं वाटेल, पण जपानी लोकही ऐन उकाड्यात धबधब्याचं चित्र टांगतात, नुसतं बघून गार वाटावं म्हणून. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी आणि निळा रंग, पावसात पाऊस, शरदात चंद्र आणि थंडीत बर्फ, हे गणित आपल्याकडेही बसतं. चंद्राचं तर फारच. जपानी चंद्रदर्शनाची रात्र काही वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येते, तर काही वर्षी थेट कोजागरीलाच. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री होत्या.

माझी चार चित्रं

तुमची चार वेगळी असतील, पण सुरुवातीला एक नमुना हाताशी असलेला बरा.

चैत्रासाठी होकुसाई या जपानी चित्रकाराचं १८३४च्या सुमाराचं चित्र: झुकलेल्या चेरीच्या फांदीवर उसो, म्हणजे बुलफिंच. हे चित्र जरा जवळून बघा. पार्श्वभूमी गडद निळी, वरपासून खालपर्यंत. हा निळा त्या काळी युरोपातून नव्यानेच आलेला होता. बर्लिनचा म्हणून जपानी लोक त्याला बेरो-आइ म्हणत. त्या निळ्यात चेरीची एक फांदी वरून खाली लोंबते आहे आणि तिला पक्षी चक्क उलटा लटकलाय. डोकं खाली, शेपूट वर, गळ्याशी गुलाबी-लाल पट्टा. बाजूला एक हायकू. आणि हे मूळ चित्र केवढं? साधारण २५ बाय १८ सेंटीमीटर, शाळेच्या वहीपेक्षा फार मोठं नाही. लोक ते दोन फुटांचं करून लावतात, मग तो पक्षी कोंबडीएवढा होतो आणि सगळी नजाकत जाते.

आषाढासाठी ओहारा कोसोनचा पावसातला बगळा. कोसोन १८७७ ते १९४५ या काळातला, कानाझावाचा. १९२६ नंतर तोक्योचे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्यासाठी तो शोसोन या नावाने चित्रं करू लागला आणि त्यातली बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकन गिऱ्हाइकांकडे गेली. त्याने बगळे पुष्कळ केले. कोसोनच्या पांढऱ्या बगळ्यात पांढरी शाई शोधू नका, बगळा म्हणजे बहुधा कोरा कागदच. भोवतालचा रंग छापून पक्षी मोकळा सोडलेला असतो आणि चांगल्या प्रतीत पिसांच्या रेषा शाईविना, नुसत्या दाबाने उमटवलेल्या असतात. त्या बाजूने उजेड पडला की दिसतात. भाताच्या खाचरात उभे बगळे पाहिलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटतं, वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

आश्विनासाठी हिरोशिगे या चित्रकाराचं चंद्र आणि रानहंस. उभा अरुंद कागद, भलामोठा चंद्र आणि त्यासमोरून तिरके खाली उतरणारे तीन हंस. हेच चित्र १९४९ साली जपानच्या टपाल तिकिटावर आलं आणि तिकीट जमवणाऱ्यांमध्ये ते तिकीट चित्राइतकंच प्रसिद्ध झालं. पौषासाठी पुन्हा हिरोशिगे: बर्फाने लदलेला लाल कॅमेलिया आणि चिमण्या.

कावळ्याचं सांगायचं राहिलं. कोसोनचे कावळे त्याच्या बगळ्यांइतकेच सुंदर आहेत आणि मी एक लावला होता. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, कावळा पितृपक्षात बोलवायचा. बारा महिने भिंतीवर बसवून काय जेवायला घालणार आहेस त्याला?" कावळा उतरला. त्याजागी कोसोनचंच छोटं घुबड लावलं, तेव्हा मात्र तक्रार आली नाही. त्यांना तो पिंगळा वाटला आणि पिंगळा शकुनाचा. जपानीतही घुबडाच्या 'फुकुरो' या नावावर 'कष्ट नाहीत' अशी कोटी करतात, त्यामुळे दोन्हीकडचं जमलं. घरात वडीलधारी माणसं असतील तर पक्षी निवडताना त्यांना विचारून घ्या, एक खिळा वाचतो.

मूळ ठसा, पुनर्मुद्रण की छापील प्रत

चार प्रकार बाजारात असतात. पहिला, हाताने काढलेलं रेशमावरचं किंवा कागदावरचं चित्र. दुसरा, मूळ लाकडी ठसा. तिसरा, जुन्या चित्रावरून नव्याने लाकूड कोरून हातानेच छापलेलं पुनर्मुद्रण. चौथा, संगणकावरून काढलेली प्रत. पहिल्यांदाच लावत असाल तर चौथ्यापासून सुरू करा. त्यात कमीपणा काही नाही. चुका स्वस्तात होतात.

पहिल्या प्रकारातलं शिखर बघायचं असेल तर क्योतोचा इतो जाकुचू शोधा. हा निशिकी बाजारातल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा मुलगा. धंद्यात मन रमेना. अंगणात कोंबड्या पाळून त्यांच्याकडे बघत बसायचा. १७५७च्या सुमारास सुरुवात करून सुमारे दहा वर्षांत त्याने रेशमावर तीस चित्रांची मालिका केली आणि काही ठिकाणी रेशमाच्या मागच्या बाजूनेही रंग दिला, म्हणजे पुढून तो आतून झिरपल्यासारखा दिसतो. २०२१ साली ती मालिका जपानची राष्ट्रीय संपदा झाली. पण जाकुचू घरात लावायच्या भानगडीत पडू नका. त्याचे कोंबडे इतके भरगच्च असतात की छोट्या छापात त्यांचा नुसता गलका होतो. लहान खोलीला ठसेच बरे.

मूळ ठसा म्हणून कुणी विकत असेल तर भिंग घेऊन बघा. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्राची छपाई. लाकडी ठशात रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला दिसतो. कागद उलटा करा: हाताने दाब देऊन छापलेला रंग मागे थोडाफार उमटलेला असतो. मागची बाजू कोरी करकरीत असेल तर शंका घ्या. कोसोनची पुनर्मुद्रणं भरपूर आहेत, त्यामुळे नुसती सही पाहून मोठी रक्कम देऊ नका.

फाइल मिळवणं आणि छापणं

होकुसाई, हिरोशिगे, कोसोन हे सगळे आता हक्कमुक्त आहेत. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि कोसोनला जाऊनही त्याहून जास्त काळ लोटला. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, क्लीव्हलँडचं कला संग्रहालय आणि आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आपापल्या संकेतस्थळांवर अशा चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट उतरवू देतात. शोधताना चित्रकाराचं नाव आणि पक्षी एवढं टाकलं तरी पुरतं. पुस्तकांतली पानंही उत्तम असतात: कोनो बाइरेईचं शंभर पक्ष्यांचं पुस्तक १८८१चं आहे, तर इमाओ केइनेनचे ऋतूंप्रमाणे केलेले चार खंड १८९१च्या सुमाराचे.

फाइल उतरवली की आकडे बघा. जपानी ठशांचं नेहमीचं मोठं माप ओबान, सुमारे २६ बाय ३९ सेंटीमीटर. इंचाला ३०० ठिपके धरले तर त्यासाठी साधारण ३०७० बाय ४६०० ठिपक्यांची फाइल लागते. दोनशेने छापलं तरी हातभर अंतरावरून फरक जाणवत नाही, पण त्याखाली उतरू नका. गंमत अशी की ओबान चित्र ए-थ्री कागदावर मूळ मापात, थोडा समास राखून बरोब्बर बसतं. त्यामुळे मोठं करायचा मोह टाळा. चित्रकाराने ते हातात धरून बघण्यासाठी केलं होतं.

छपाईवाल्याकडे गेलात की एवढं सांगा. कागद मॅट हवा, चकचकीत अजिबात नको. सुती कागद, २०० जीएसएमच्या पुढचा, मिळाला तर सर्वांत छान. छपाई यंत्रासाठी तयार केलेला जपानी वाशी कागदही येतो, पण तो मागवावा लागतो. शाई पिगमेंटची हवी, डायची लवकर फिकी होते. कॅनव्हासवर छापू नका, तैलचित्राच्या कापडावर लाकडी ठसा म्हणजे शालूला डेनिमचं अस्तर. आणि शेवटचं, हे दोनदा सांगा: 'साहेब, रंग वाढवू नका.' आपल्याकडे फाइल उघडली रे उघडली की हात आपोआप कॉन्ट्रास्टकडे जातो आणि पिवळसर कागद पांढराशुभ्र होतो. तो पिवळसरपणा कागदाच्या वयाचा आहे, राहू द्या. आधी हाताच्या पंजाएवढा तुकडा छापून घ्या, घरी आणून दिवसाच्या उजेडात बघा आणि मग पूर्ण काढा.

चिकटवणं: इथे बहुतेक चित्रं मरतात

माझं पहिलं काचो-गा मी आमच्या भागातल्या एका फ्रेमवाल्याकडे दिलं होतं. आठ दिवसांनी आणायला गेले तर खालचा समास गायब. शिक्का आणि सही त्याच समासात होती. "ताई, पट्टीत बसत नव्हतं, म्हणून जरा छाटलं," तो म्हणाला. चित्र त्याने हार्डबोर्डवर पांढऱ्या गोंदाने पूर्ण चिकटवलं होतं आणि काच थेट त्यावर. दुसऱ्या पावसाळ्यात कागदाला पोटं आली आणि हंसांच्या पंखांवर तपकिरी ठिपके उमटले. काढायला गेले तर कागद निम्मा काचेला आणि निम्मा बोर्डला. त्यानंतर चिकटवण्याचं काम मी घरीच करते.

नियम सोपा आहे. चित्र कुठेही पूर्ण चिकटवायचं नाही. वरच्या कडेला दोन छोट्या बिजागऱ्या लावायच्या आणि बाकीचा कागद मोकळा लोंबू द्यायचा, म्हणजे पावसाळ्यात तो फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. सेलोटेप, दुहेरी टेप, पांढरा गोंद, सगळं बंद.

त्यासाठी लागते खळ आणि इथे मराठी घराला जपान्यांइतकीच जुनी विद्या येते. कुरडयांसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो आणि खाली बसलेला पांढरा चीक घेतो. जपानी चित्रं मढवणारे कारागीर गव्हाच्या ज्या खळीवर भिस्त ठेवतात, ती गव्हातला चिवट भाग काढून उरलेल्या अशाच पिठुळाची असते. गुंडाळीच्या चित्रांच्या अस्तरासाठी तर ते ही खळ मडक्यात भरून दहा-दहा वर्षं मुरवतात, म्हणजे तिचा ताठरपणा जातो आणि चित्र गुंडाळताना मोडत नाही. आपल्याला एवढं करायचं कारण नाही. एक चमचा चीक घ्या, मीठ-हिंग घालायच्या आधी बाजूला काढलेला. त्यात पाच चमचे पाणी घालून अगदी मंद आचेवर सतत ढवळा. आधी दुधासारखं दिसतं, मग एकदम घट्ट होतं आणि मग पारदर्शक व्हायला लागतं. तिथून आणखी पाचेक मिनिटं ढवळत राहा, कच्ची राहिली तर धरत नाही. गार झाली की बारीक गाळणीतून दोनदा दाबून काढा आणि थेंबथेंब पाण्याने दह्याइतकी सैल करा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या.

बिजागरीसाठी पातळ पण चिवट कागद हवा. वाशी नसेल तर पातळ नेपाळी लोकटा चालतो. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ मारून हाताने फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि चित्रावर वळ उठत नाही. तीन बाय दीड सेंटीमीटरचे दोन तुकडे पुरतात. प्रत्येकाच्या टोकाला अर्धा सेंटीमीटरभर खळ लावा, चित्राच्या पाठीला वरच्या कडेशी चिकटवा, टीपकागद ठेवून वर जाडसं पुस्तक ठेवा. तासाभराने उरलेला भाग मागच्या पाठपुठ्ठ्याला चिकटवा आणि त्यावर एक आडवी पट्टी लावा. खळ अगदी थोडी वापरा. कसर तिच्याच वासावर येते. बिजागरी चित्रापेक्षा कमजोर असायला हवी. चौकट पडली तर फाटावी ती बिजागरी.

चौकट

फ्रेमवाल्याला सांगायचं ते असं. माउंट म्हणजे चित्राभोवतीचा, मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा; तो बाहेरून ४० बाय ५५ सेंटीमीटर, एकाच मापाचे चार. चारही माउंटमधल्या खिडक्या वेगवेगळ्या, आपापल्या चित्राच्या मापाच्या. ओबान चित्राला बाजूंनी आणि वर सात सेंटीमीटर आणि खाली थोडी जास्त, साडेआठ-नऊ, कारण बरोबर सारखी ठेवली तर चित्र घसरल्यासारखं वाटतं. होकुसाईच्या छोट्या चित्राला याच चौकटीत भोवती भरपूर मोकळी जागा मिळते आणि मला वाटतं ते सगळ्यांत देखणं तेच दिसतं. खिडकी चित्राच्या कडेपेक्षा जरा मोठी ठेवा, म्हणजे समास आणि शिक्का झाकला जात नाही. माउंट आणि पाठपुठ्ठा दोन्ही आम्लमुक्त मागा. नसेल तर निदान हार्डबोर्ड आणि चित्र यांच्यामध्ये आम्लमुक्त कागद हवाच.

पट्टी बारीक, सागवानी किंवा काळी. सोनेरी नक्षीची नको. पाठीमागे खिळे नकोत, फिरत्या क्लिपा हव्यात, कारण वर्षातून चारदा उघडायची आहे. 'कशाला ताई, एकदा बंद केली की झालं' असं तो म्हणेल. ठाम राहा. माउंटच्या जाडीमुळे काच चित्राला टेकत नाही, हे मात्र स्वतः बघून घ्या. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे चिकटवा. त्यामुळे भिंत आणि चौकट यांच्यात बोटभर वारा खेळतो.

खिळा

उभ्याने बघायच्या जागी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवतात. पण तोकोनोमातलं चित्र जमिनीवर बसलेल्या माणसासाठी असतं. तुमच्या घरात दिवाणावर किंवा खाली सतरंजीवर बसायची पद्धत असेल तर मध्य ११०-१२० पर्यंत खाली आणा. आधी विचित्र वाटेल. एकदा खाली बसून बघा.

पक्षी कुठे बघतोय तेही पाहा. त्याची नजर मोकळ्या जागेकडे, खोलीच्या आत जायला हवी. दाराच्या चौकटीला चोच लावून बसलेला पक्षी शिक्षा झाल्यासारखा दिसतो. जागा ठरली की चौकटीच्या मापाचं वर्तमानपत्र दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवा. घरातल्या कुणाचं डोकं किंवा दाराची कडी त्याला लागते का ते कळतं. मग सहा मिलिमीटरचं भोक, गिट्टी आणि स्क्रू.

गुंडाळीचं चित्र मिळालं तर

जुनी काकेजिकू, म्हणजे टांगायची गुंडाळी चित्रं जपानहून मागवता येतात आणि एखादा नातेवाईक तिकडून भेट म्हणूनही आणतो. हिला काच नाही, चौकट नाही, म्हणून ती जास्त नाजूक. चित्राच्या वरचं कापड खालच्यापेक्षा बरंच लांब दिसलं तर ते चुकलेलं नाही. वरचं 'आकाश', खालचं 'जमीन' आणि आकाश साधारण दुप्पट ठेवतात. उघडताना दोरी आधी खिळ्याला अडकवा, मग खालचा दांडा दोन्ही हातांनी धरून हळूहळू सोडा. गुंडाळताना उलटं, खालून वर आणि घट्ट आवळायचं नाही. सुरकुती दिसली तरी इस्त्री फिरवायची नाही. पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात लावली तर ती दिवसभर भिंतीवर टकटक करते आणि कडा वळतात. जून ते सप्टेंबर ती पेटीतच राहू द्या. पावसाळ्यात चौकट लावायची, गुंडाळी नाही.

बदलताना आणि ठेवताना

मी चित्र चैत्र, आषाढ, आश्विन आणि पौषात बदलते. तारीख पंचांगाने ठरत नाही, घर आवरायला काढलं की होते. उतरवलेलं चित्र माउंटसकट, मध्ये आम्लमुक्त कागद घालून, आडवं, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आतल्या आत घाम सुटतो. डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाची पानं चित्राला टेकू देऊ नका, कापडी पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा.

जपानमध्ये वर्षातल्या कोरड्या दिवसांत चित्रं आणि पुस्तकं बाहेर काढून वारा देण्याची रीत आहे. आपल्याकडे त्याला योग्य काळ दिवाळीनंतरचा, हवेतला दमटपणा गेला की. सकाळी दहा ते दुपारी चार, सावलीत, खिडकी उघडी ठेवून, पंखा बंद. चारही माउंट पलंगावर पसरा, पाठी बघा, कसरीने कुरतडलंय का ते बघा, तपकिरी ठिपका दिसला तर ते चित्र लगेच वेगळं करा. मग प्रत्येक माउंटच्या पाठीला पेन्सिलने चित्राचं नाव आणि त्या वर्षी ते किती आठवडे भिंतीवर होतं ते लिहा. माझ्या बगळ्याच्या पाठीवर पाच ओळी झाल्या आहेत. सहावीत सासूबाईंनी लिहिलंय: 'या वर्षी पाऊस उशिरा, बगळा पण उशिरा.'